बर्फावर घसरण्याची रजा

पुंजाराम मास्तरांनी रजेच्या अर्जात खरं कारण लिहिलं, तिथूनच सगळ्या भानगडीला सुरुवात झाली. खोटं लिहिलं असतं तर अंबडात कुणाला पत्तासुद्धा लागला नसता.

अर्ज तसा साधाच होता. 'जानेवारी महिन्यात पंधरा दिवसांची रजा मंजूर व्हावी, ही विनंती. कारण : सिमल्याजवळ जाऊन बर्फावरून घसरणे.'

हेडमास्तरांनी तो अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, आणि तिसऱ्यांदा वाचला. मग आवाज खाली आणून विचारलं, "मास्तर, तब्येत बरी हाय ना?"

"एकदम बराबर."

"मंग हे घसरणे म्हंजे काय?"

"पायाला फळी बांधून बर्फाच्या डोंगरावरून खाली यायचं. स्कीइंग म्हणतात त्याला."

"पण शेवटी खालीच यायचं तर मुळात वर कशाला जायचं?"

पुंजाराम मास्तर वीस वर्षं भूगोल शिकवत होते. पर्वतांची उंची, पर्जन्यछाया, हिमरेषा हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. हा प्रश्न मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हता.

हेडमास्तर माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "माझं ऐका. कारणाच्या जागी 'मावशीचे निधन' लिहा अन् मोकळे व्हा. माझ्या नोकरीत मी तीन मावश्या मारल्या. खरी होती एकच, अन् ती अजून ठणठणीत हाय."

"न्हाई सर. कारण बदलणार न्हाई."

आता हा हट्ट का, हे मास्तरांनी तिथे सांगितलं नाही, कारण सांगायला गेलं की ते त्यांना स्वतःलाच थोडं पोरकट वाटायचं. वीस वर्षांत त्यांनी जितक्या रजा घेतल्या होत्या, त्या सगळ्यांची कारणं त्यांना आठवत होती. हिवताप. वडिलांचं जाणं. पुन्हा हिवताप. धाकट्या पोराचा गोवर. नोकरदाराला माणूस मेला की रजा मिळते, ताप आला की मिळते. निव्वळ एका गोष्टीची हौस आहे म्हणून आजवर त्यांनी रजा मागितलीच नव्हती. एकदा मागायची होती, आणि तीही लेखी.

हौस कुठून लागली, तीही गंमतच. बाहत्तरच्या दुष्काळात शाळा ओस पडल्या, तेव्हा मास्तरांना खडी फोडायच्या कामावर हजेरी लिहायला बसवलं होतं. मे महिना, लिंबाची तुटपुंजी सावली, दोन दिवस पाण्याचा टँकर आलेला नव्हता. कुणीतरी भजी आणली, ती एका जुन्या साप्ताहिकाच्या पानात बांधलेली होती. भजी संपली आणि तेलाने पारदर्शक झालेल्या त्या पानावर मास्तरांना एक माणूस दिसला. चहूकडे पांढराशुभ्र डोंगर, पायाला फळ्या, दोन्ही हात पसरलेले, आणि तोंडभर हसू. मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. इथे लोक घोटभर पाण्यासाठी रस्त्याकडे डोळे लावून बसलेत, आणि या पठ्ठ्याच्या पायाखाली डोंगरभर पाणी गोठून पडलंय. तो त्यावर खेळतोय! दुसऱ्या एखाद्याला संताप आला असता. मास्तरांना आला नाही. त्यांना फक्त एकदा तिथे जाऊन उभं राहावंसं वाटलं.

दोन वर्षं त्यांनी ही गोष्ट मनातच ठेवली. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत बायकोला सांगितली.

केशरबाई शिलाई मशीनवर होत्या. पाय न थांबवता त्या म्हणाल्या, "जा की मंग."

"तू न्हाई येणार?"

"मला थंडी सोसत न्हाई, अन् लगीनसराई तोंडावर आलीय. सोळा ब्लाउजं अडकलेत. तुमी जा. पण एकटे न्हाई जायचं, तुमी पडनार हे नक्की हाय."

इतक्या सहज परवानगी मिळाल्यावर माणसाला जरा अपमानच वाटतो. मास्तरांनी चार दिवस वादाची तयारी केली होती, ती फुकट गेली.

अर्ज वरच्या ऑफिसात गेला आणि आठ दिवसांत उत्तर आलं. टाइप केलेलं, शिक्का मारलेलं. 'संदर्भ : आपला स्कीइंगबाबतचा अर्ज. आपणांस कळविण्यात येते की, सदर स्कीम या जिल्ह्यात अद्याप लागू झालेली नाही. लागू झाल्यास परिपत्रकाद्वारे कळविण्यात येईल.'

मास्तरांनी पुन्हा लिहिलं, की ही स्कीम नसून खेळ आहे. त्यावर विचारणा आली, की खेळ असल्यास संघात एकूण खेळाडू किती, आणि तालुका पातळीवर निवड झाली आहे काय. मास्तरांनी कळवलं, की खेळाडू एकच, निवड स्वतःची स्वतःच केली आहे. तेव्हा तिसरं पत्र आलं : अर्जदार घसरण्यास शारीरिकदृष्ट्या पात्र असल्याचा दाखला जोडावा.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासली, गुडघे ठोकून पाहिले आणि विचारलं, "आजवर कुठं घसरलात का?"

"नदीवर. शहागडला. शेवाळावरून."

"मंग काय झालं?"

"हात मोडला."

डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि दाखला लिहून दिला : 'सदर इसम घसरण्यास तंदुरुस्त आहे.' तो कागद घेऊन मास्तर बाहेर आले आणि रांगेत बसलेल्या गावाला बातमी कळली.

त्यानंतर सल्ला द्यायला जो तो पुढे झाला. शेजारचे तातेराव हे जमीनदार गृहस्थ. औरंगाबादच्या पलीकडे कधी गेले नव्हते, पण हिमालयाबद्दल त्यांना बारीकसारीक माहिती होती. रोज संध्याकाळी ते ओट्यावर येऊन बसायचे.

"मास्तर, बर्फावर डोळे जातात. काजळ घाला."

"बरं."

"अन् फळीला खालून एरंडेल लावा. बिलकुल लोण्यावानी पळंल."

"बरं."

"थांबायचं कसं, ते इचारलं का कुनाला?"

मास्तरांनी ते पान पुन्हा काढून पाहिलं. साप्ताहिकातल्या फोटोत माणूस चाललेला होता. तो थांबल्याचा फोटो काही छापलेला नव्हता.

एस.टी. स्टँडवर चहाचं दुकान चालवणारे सर्जेराव हे गावातले एकमेव गृहस्थ, ज्यांनी बर्फ खरोखर पाहिला होता. फौजेत असताना बासष्ट साली ते वर सरहद्दीवर होते, आणि डाव्या पायाची दोन बोटं तिथेच ठेवून आले होते. मास्तर त्यांच्याकडे गेले, तेव्हा दुकानातले चारदोन जण हसले. सर्जेराव हसले नाहीत. त्यांनी चहा गाळला, कप पुढे सरकवला आणि म्हणाले, "कशाला चाललाव, मास्तर?"

"खेळायला."

सर्जेरावांनी गाळणी खाली ठेवली. मग आत गेले आणि खाकी रंगाचा, गुडघ्याखालपर्यंत येणारा फौजी कोट घेऊन आले. त्याला डांबरगोळीचा वास येत होता. "आमी तिथं एक दिस बी खेळलो न्हाई," ते म्हणाले. "तुमी खेळून या. मोजा वला झाला की लगेच बदलायचा. बस, दुसरं काय ध्यानात ठेवायचं न्हाई."

कोट मास्तरांना दोन माणसं मावतील इतका मोठा होता. पण त्या संध्याकाळी ते तो अंगावर घालूनच घरी आले, आणि का कोण जाणे, रस्त्यात कुणी हसलं नाही.

राहिली फळी. ती तिथे भाड्याने मिळते हे मास्तरांना माहीत नव्हतं, आणि असतं तरी परक्या फळीवर त्यांचा भरवसा बसला नसता. कडूबा सुताराला त्यांनी साप्ताहिकाचं पान दाखवलं. कडूबाने आयुष्यभर बैलगाड्या, औतं आणि पाळणे केले होते. त्याने फोटो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि मान हलवली.

"हे डिझाइन चुकलंय, मास्तर."

"काय चुकलं?"

"दोन पायाला दोन फळ्या. एक इकडं गेली, दुसरी तिकडं गेली, तर मधी मानूस फाटंल. मी तुमाला एकच देतो. रुंद. दोन्ही पाय तिच्यावरच."

"पण सगळे लोक दोन वापरतात, कडूबा."

"लोकाला सुतार चांगला भेटला नसंल."

यावर बोलणं संपलं. कडूबाने आंब्याची हलकी फळी निवडली, तीन दिवस हौदात भिजवली, गोवऱ्यांच्या धगीवर तिचं पुढचं टोक वर वाकवलं, आणि पाय अडकवायला चामड्याच्या दोन वाद्या ठोकल्या. वस्तू तयार झाली ती जेवायला बसायच्या पाटासारखी दिसत होती. फक्त पाट लांब वाढला होता आणि त्याला नाक फुटलं होतं.

सराव कुठे करायचा? अंबडात बर्फ नाही, पण डिसेंबरात जिनिंग फॅक्टरीच्या आवारात सरकीचा ढीग असतो. कापूस काढून घेतला की उरते ती सरकी, म्हशीचं खाणं. करड्या-पांढऱ्या बियांचा तो डोंगर दोन माणसं उंच होता, आणि लांबून पाहिलं तर, मन मोठं केलं तर, बर्फासारखा दिसायचा. एका रविवारी सकाळी, कामगार यायच्या आत, मास्तर फळी घेऊन त्यावर चढले. कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे फक्त तातेरावांना सांगितलं होतं. त्यामुळे मास्तर वर पोचून खाली बघतात तो पन्नासेक माणसं आणि सातवीचा आख्खा वर्ग.

परत उतरणं शक्य नव्हतं. मास्तरांनी वाद्यांत पाय अडकवले, हात पसरले, आणि तोंडावर ते फोटोतलं हसूही आणलं. पहिले दोन हात फळी खरंच सुरेख चालली. मास्तरांनी नंतर शपथेवर सांगितलं की तेवढ्यात त्यांना वारा लागला. मग ढिगाचा कडा सुटला आणि सगळी सरकी त्यांच्यासकट निघाली. मास्तर फळीवर, सरकी मास्तरांवर, अशी ती वरात खाली उभ्या असलेल्या बैलगाडीला जाऊन टेकली. कमरेच्या वर मास्तर होते, खाली सरकी होती. बैलाने मान वळवली आणि त्यांच्या खांद्यावरची सरकी शांतपणे खायला सुरुवात केली.

लोक हसले. हसणारच. पोरांनी त्या दिवसापासून त्यांचं नाव 'घसरे गुरुजी' ठेवलं. मास्तर घरी आले, आंघोळ केली, आणि जेवताना त्यांच्या कानातून एक सरकी ताटात पडली. केशरबाईंनी ती उचलून बाजूला ठेवली आणि आणखी एक भाकरी वाढली. त्या रात्री मास्तरांना पहिल्यांदा वाटलं की झालं एवढं पुरे. पंचेचाळिशीचा माणूस, दोन पोरांचा बाप, गावकुसाबाहेरच्या वस्तीतून शिकून वर आलेला पहिला मास्तर. ज्या गावात ताठ मानेने चालायला इतकी वर्षं लागली, तिथे आपण हसायला कारण का द्यावं?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते घरी आले, तर दारात त्यांची आई गिरिजाबाई गाठोडं बांधत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, अंगाने काटकुळ्या, बोलायला मोजक्या. गाठोड्यात दोन लुगडी, एक घोंगडं आणि चटणीची डबी होती.

"माय, कुठं निघालीस?"

"तुज्यासंगं. केशर म्हनली, तू पडनार हायेस. उचलाया कुनी तरी पायजेल."

"मी न्हाई जात आता. लोक हसून राह्यलेत."

गिरिजाबाईंनी गाठ आवळली. "हसू दे की. आजवर लोक आपल्याला बघून कुठं हसायचे? नाक मुरडायचे. हे त्याच्यापरीस बरं न्हाई का?"

मास्तर स्वतःच वरच्या ऑफिसात गेले. फौजी कोट घालून, दाखला हातात घेऊन. आधी कारकुनाने आणि मग साहेबांनी त्यांना बसवलं. साहेब तरुण होते, थकलेले दिसत होते. टेबलावर फाइलींचे गठ्ठे होते.

"गुरुजी, तुम्ही 'घरगुती काम' एवढंच लिहा. मी आत्ता सही करतो."

"साहेब, हे घरगुती काम न्हाई."

"मग कसलं काम आहे?"

"कामच न्हाई, साहेब. तेवढंच तर लिहायचंय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सायकल स्टँड होता. मग त्यांनी अर्ज ओढून घेतला आणि समासात लिहिलं : 'कारण पाहिले. हरकत नाही.' सही करून कागद परत देताना म्हणाले, "बर्फ कसा असतो, ते आल्यावर सांगा."

प्रवासाचं काय सांगायचं! एस.टी.ने जालना, तिथून छोट्या गाडीने मनमाड, तिथून दिल्ली, मग कालका, मग डोंगरातून वळत जाणारी खेळण्यासारखी गाडी. ती फळी सगळीकडे आडवी आली. जालना स्टेशनवर हमालाने तिला औत म्हटलं, मनमाडला एका बाईने तिच्यावर पोर निजवलं, आणि दिल्लीपर्यंत अर्ध्या डब्याने तिच्यावर पत्ते खेळले. तिकीट तपासनीसाने विचारलं, "ये क्या है?" मास्तर आपल्या मराठवाडी हिंदीत म्हणाले, "घसरने का पाट है साब." त्याने तिकिटं टोचली आणि पुढे गेला. गिरिजाबाई चार दिवस खिडकीशी बसल्या होत्या. विहिरी, नद्या, हिरवी शेतं, सगळं बघत होत्या.

सिमल्याच्या पुढे कुफरीला बसमधून उतरले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. आदल्या रात्री बर्फ पडून गेला होता आणि ऊन निघालं होतं. मास्तरांना वाटलं होतं, आपण काहीतरी बोलू. दोन वर्षं त्यांनी मनात वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. प्रत्यक्षात त्यांच्या तोंडून निघालं ते, "माय, पाय जपून टाक."

उतारावर माणसं होती, पण फार नव्हती. रंगीत स्वेटर घातलेली शहरी मंडळी दोन-दोन फळ्यांवर अडखळत होती. त्यांना शिकवणारा एक पहाडी गृहस्थ कडूबाची फळी बघून जवळ आला. त्याने ती उलटीपालटी केली, वाकलेल्या टोकावरून अंगठा फिरवला.

"दूसरी कहाँ है?"

"दूसरी नहीं है. हमारे सुतार ने एकच बनाया. बोला, आदमी फटेगा नहीं."

त्याने कपाळाला आठ्या घातल्या, विचार केला, आणि मान डोलावली. "बात तो ठीक है. पर मैंने ऐसा कभी देखा नहीं. सँभल के."

मास्तर वर चढले. पाय अडकवले. इथे सातवीचा वर्ग नव्हता, तातेराव नव्हते, तरी त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. सुटले आणि सहा हातांवर तोंडावर आपटले. उठले, पुन्हा चढले, पुन्हा आपटले. तिसऱ्या वेळी फळी एकीकडे गेली आणि मास्तर दुसरीकडे. रंगीत स्वेटरवाले हसले. मास्तरांच्या मिशीत बर्फ, कोटाच्या खिशात बर्फ, बर्फ मानेतून पाठीत उतरलेला. मोजा ओला झाला होता, तो त्यांनी आठवणीने बदलला. चौथ्या वेळी ते चढावर नुसते बसून राहिले.

गिरिजाबाई घोंगडं पांघरून हळूहळू चढत वर आल्या. फळीकडे बघून म्हणाल्या, "आरं, पाटावर हुभं कशाला राह्यतूस? पाटावर बसत्यात."

आणि त्या बसल्या. मांडी घालून, लुगड्याचा पदर खोचून, लग्नातल्या पंगतीला बसावं तशा. "तू मागं बस. अन् धर मला."

"माय, पडशील!"

"मंग पडू. इतक्या लांब काय निस्तं बघाया आलो का?"

मास्तर मागे बसले. आईच्या कमरेला हात घातला. कंबर पाखरासारखी हलकी होती. पाय टेकून ढकललं. फळी आधी कुरकुरली, मग सुटली, आणि सुटली ती सुटलीच. वारा कानात भरला. डोळ्यांतून पाणी आलं. पहाडी गृहस्थ ओरडत बाजूला झाला, स्वेटरवाले दोन्हीकडे पांगले, आणि पुंजाराम मास्तर आणि गिरिजाबाई सगळ्यांच्या मधून सरळ रेषेत खाली गेले. थांबायचं कसं हे दोघांनाही माहीत नव्हतं. तळाशी मऊ बर्फ साठला होता, त्यात फळीचं नाक रुतलं आणि दोघं उलटून पडले.

मास्तर धडपडत उठले. "माय! लागलं का?"

गिरिजाबाई बर्फात बसल्या होत्या. घोंगडं एकीकडे, पदर एकीकडे. त्या हसत होत्या. आईला असं हसताना मास्तरांनी कधी पाहिलं होतं, ते त्यांना आठवेना. मग हसू ओसरलं, आणि त्या आजूबाजूला बघत राहिल्या. वर, खाली, पार लांबच्या डोंगरांपर्यंत.

"एवढं पानी," त्या म्हणाल्या, "अन् भराया एक बी बाई न्हाई."

बर्फ आणि पाणी यांतला फरक सांगायला मास्तरांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

"म्हायेरी, टेंभुर्णीला, आमी पोरी घागरी घिऊन हिरीपाशी हुभ्या राह्यचो," गिरिजाबाई म्हणाल्या. "हिरीला शिवायचं न्हाई. कुनी वरून वतलं तर घ्यायचं. एक डाव सकाळपासून हुभी व्हते. दिस मावळला. समदे आले, भरून गेले. कुनी वतलंच न्हाई. रिकामी घागर घिऊन घरला गेले, तर मायनं मलाच मारलं."

ही गोष्ट त्यांनी पंचेचाळीस वर्षांत मुलाला कधी सांगितली नव्हती. मास्तर बर्फात गुडघ्यावर बसून राहिले.

"हे कुनाचं हाय, पुंजा?"

"कुनाचंच न्हाई, माय."

"हात लावला तर कुनी बोलत न्हाई?"

"न्हाई."

गिरिजाबाईंनी दोन्ही हात मनगटापर्यंत बर्फात घातले. तसेच ठेवले, थंडीने बोटं लाल होईपर्यंत. वरून कुणीतरी आरोळी दिली, कुणीतरी पडलं, कुणीतरी हसलं. मग म्हातारीने हात काढले, लुगड्याला पुसले, मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन उभी राहिली आणि फळी काखोटीला मारली.

"चल," ती म्हणाली. "आजून येकदा."